रसूलचाचांच्या दोन पेट्या

रसूलचाचा दोरा सुईत ओवण्याआधी मेणाच्या गोळीवरून तीनदा ओढत. दोनदा नाही, चारदा नाही.

पुस्तक हातात आलं की उघडण्याआधी त्याचा वास घेत. वासावरून सांगत, हे चुलीजवळ राहिलंय, हे ट्रंकेत, हे तंबाखूच्या डबीशेजारी. सहसा चुकत नसत.

चहा बशीतून पीत, पण कागदाच्या खोलीत नाही. ओट्यावर येत, बशी रिकामी होईपर्यंत येणाऱ्याजाणाऱ्याशी बोलत, मग हात धुऊन, पुसून, थोडा वेळ उन्हात धरून आत जात.

जिभेला बोट लावून पान उलटणारा कुणी दिसला की मान दुसरीकडे फिरवत.

स्वतः बांधलेलं पुस्तक वाचत नसत. फक्त शेवटचं पान वाचत, मराठी असो की उर्दू. "सगळंच वाचत बसलो तं बांधू कवा?" म्हणत.

माणसाला पूर्ण नावाने हाक मारत. त्यांच्याकडे रोज येणाऱ्या उकंडरावला अमरावतीच्या कॉलेजात मित्र 'उक्या' म्हणायचे आणि हजेरी घेताना प्रोफेसर उकिरड्यावरून ठेवलेल्या त्या नावापाशी किंचित हसायचे. ते नाव पहिल्यांदा कुणी नीट उच्चारलं असेल तर चाचांनी. जाड पुस्तकाच्या पाठीवर सोनेरी अक्षरांत छापायचं असावं, असं.

आणि दिवा लागल्यावर ते शेवटची गाठ मारत नसत. काम केवढंही असो, दोरा लोंबता ठेवून पुस्तक दाबाखाली जाई. "दिव्यात सगळंच सरळ दिसते, उकंडराव. सकाळी एकडाव पाहाचं, मंग गाठ माराची."

गुलाम रसूल जिल्दसाज, पुस्तकं बांधणारे, म्हटलं की नांदुऱ्यात कुणीही घर दाखवी. स्टेशनातून बाजाराकडे निघालं की डाव्या हाताला एक अरुंद गल्ली लागते, तिच्यात. पुढची खोली कामाची, मागे अंगण, अंगणात नूरबीचाचींचं राज्य. मलकापूर कचेरीची रजिस्टरं, घराघरातल्या पोथ्या, कुराणाच्या प्रती, शाळेची फाटकी क्रमिक पुस्तकं, सगळं त्या एका दाबाखाली येऊन सरळ होऊन जाई. उकंडराव साहित्य घेऊन बी.ए. झाला आणि घरी परत आला. नोकरीचे अर्ज टाकायचे आणि उत्तराची वाट बघायची, एवढंच काम होतं. एकदा तो पानं सुटलेलं व्याकरण बांधायला घेऊन गेला. पुस्तक चार दिवसांत बांधून झालं. त्याचं जाणं मात्र चालूच राहिलं.

सगळं सुरू झालं मेणावरून.

मेण लावलेला दोरा कागद कापत नाही आणि गाठ सरकू देत नाही. पण बाजारातल्या मेणात तेव्हा मेणबत्तीचं मेण मिसळून येऊ लागलं होतं. एका रजिस्टराची शिलाई वर्षाच्या आत सैल पडून परत आली. कचेरीतला कारकून काही बोलला नाही. चाचा मात्र दोन दिवस नीट जेवले नाहीत. त्याच सुमारास अमडापूरचे किसनराव एक जुनी पोथी बांधायला देऊन गेले. त्यांनी पेरूच्या बागेत लाकडी पेट्यांमध्ये मधमाशा पाळल्या होत्या. आग्या मोहोळाच्या नव्हेत, झाडाच्या ढोलीत राहतात त्या बारक्या, गरीब. पोथी न्यायला आले तेव्हा त्यांनी मूठभर पिवळं मेण आणलं. चाचांनी ते हुंगलं, दाताखाली धरलं, दोऱ्यावरून एकदा ओढलं.

"किसनराव," ते म्हणाले, "मले दोन पेट्या द्या."

"द्यायला काय. ठेवसान कुठं? गाव हाये हे, बाग नोय."

आता प्रश्न एवढाच होता, आणि पुढचा महिना-दीड महिना तोच राहिला: ठेवायच्या कुठं. वडनेर भोलजीला चाचांच्या मेहुण्याचं शेत होतं. तिथं कुणाला त्रास नव्हता. पण तिथं ठेवल्या तर त्या मेहुण्याच्या झाल्या असत्या. चाचांना माशा डोळ्यांसमोर हव्या होत्या. मूलबाळ नव्हतं. तसं ते कधी बोलून दाखवत नसत, पण अंगणात जिवंत काहीतरी असावं असं त्यांना फार वाटे. कोंबड्या नूरबीचाचींना चालत नव्हत्या.

अंगणाच्या पश्चिमेला छातीएवढी मातीची भिंत होती. पलीकडे कौशल्याबाईंचं घर. त्यांचा कडुनिंब भिंतीवरून अलीकडे झुकलेला. भिंतीलगत पेट्या ठेवल्या तर त्यांचं तोंड पूर्वेला येई, सकाळचं ऊन थेट दारात, दुपारी निंबाची सावली. जागा नामी होती. फक्त कौशल्याबाईंनी हो म्हणायला हवं होतं.

कौशल्याबाईंचे यजमान तुळशीराम भजनात पेटी वाजवत. दर गुरुवारी त्यांच्या ओसरीत बैठक बसे, आणि भिंतीच्या अलीकडे चाचांची सुई त्या ठेक्यावर चाले. चाचाच सांगत, गुरुवारची शिलाई माही सगळ्यात एकसारखी. तुळशीराम गेल्याला चार वर्षं झाली होती. तेव्हापासून दोन्ही घरं गप्प होती.

चाचा भिंतीशी गेले. उकंडराव जवळच उभा होता, त्यामुळे पुढचं बोलणं त्याने स्वतःच्या कानांनी ऐकलं.

"वहिनी, दोन पेट्या येऊन राह्यल्या. या भिंतीशी ठेवू म्हणतो. तुमाले तरास तं नाही?"

कौशल्याबाई डाळ निवडत होत्या. हात थांबला. "पेट्या? तुमच्या घरी?"

"हाव."

"दोन काऊन?"

"एक बिघडली तं दुसरी असते."

"हे खरं. आवाज होईन ना?"

"होईन थोडासा. दुपारचा जास्त."

"होऊ द्या. दुपारी कोन झोपते आता." त्या जराशा हसल्या. "भिंतीशीच ठेवा. इतक्या वर्साचं घर कसं मुकं झालं हाये. कवा येऊन राह्यल्या?"

"सोमवारी पहाटे."

"बरं केलं, रसूलभाऊ. लय बरं केलं."

चाचा खुश होऊन परत आले. उकंडरावने कॉलेजात श्लेष अलंकारावर वीस पानी निबंध लिहिला होता आणि त्याला शेरा चांगला पडला होता. त्याच्याही काही लक्षात आलं नाही.

सोमवारी पहाटे अमडापूरहून किसनराव बैलगाडी घेऊन आले. गाडीतून गोणपाटात गुंडाळलेल्या दोन पेट्या उतरल्या. भिंतीशी विटांवर ठेवल्या, दारं उघडली. ऊन वर आलं तशा माशा एकेक करून बाहेर पडल्या आणि पेटीकडे तोंड करून हवेत डोलू लागल्या. चाचा म्हणाले, घर ध्यानात ठेवून राह्यल्या. ते बघत असतानाच मागच्या दारातून कौशल्याबाई आल्या. धुतलेलं लुगडं, हातात नारळ आणि झेंडूची फुलं. मागे गल्लीतल्या तीनचार बाया. त्यांना कौशल्याबाईंनीच बोलावून आणलं होतं.

"कुठं हायेत?" त्यांनी विचारलं आणि उत्तराची वाट न बघता पेटीपाशी वाकल्या. फूल वाहिलं. मग झाकणावर हात ठेवून म्हणाल्या, "उघडा ना, पाहू द्या पट्ट्या कशा हायेत."

"वहिनी, मांगं सरा," चाचा एवढंच म्हणाले.

तोवर माशी डसली होती. उजव्या हाताच्या बोटाला. कौशल्याबाई ओरडल्या नाहीत. बोट मुठीत धरून त्या पेटीकडे बघत राहिल्या, मग त्या भोकातून बाहेर येणाऱ्या माशांकडे, मग चाचांकडे. मागच्या बायांपैकी एकीला हसू आवरलं नाही. दुसरी म्हणाली, "बाई बाई, कौशल्याबाई भजनाले आल्या अन् माशीनं ताल धरला." नारळ खाली ठेवून कौशल्याबाई निघून गेल्या.

नूरबीचाची चुन्याची डबी घेऊन त्यांच्यामागे धावल्या. थोड्या वेळाने परत आल्या.

"चुना नाही लावून घेतला. अजी, तुम्ही तिले सांगतलं तरी काय होतं?"

"पेट्या म्हटलं. पेट्याच आणल्या."

"कायच्या पेट्या, ते सांगतलं?"

चाचा खाली बसले. उकंडराव बसला. दोघांनी मनातल्या मनात ते सगळं बोलणं पहिल्यापासून म्हणून पाहिलं. दोन काऊन. एक बिघडली तर दुसरी असते. आवाज होईन ना. कुठेही अडत नव्हतं.

"तुम्ही तं बी.ए. हाये, बेटा," चाची उकंडरावला म्हणाल्या. "तुमालेबी नाही समजलं?"

चाचा उठून भिंतीशी गेले. पलीकडे कौशल्याबाई पाठमोऱ्या बसल्या होत्या.

"वहिनी, तुम्ही हो म्हटलं ते वाजवाच्या पेटीले. या पेटीले तुमचं हो नाही. मले कबूल हाये."

"गावाले हसवलं मले," त्या न वळता म्हणाल्या. "मी नारळ घेऊन आली. उचला त्या."

"उचलतो."

पण उचलणं सोपं नव्हतं. किसनरावांनी जाताना बजावून सांगितलं होतं: पेटी हलवायची तर दोन हात, नाही तर दोन कोस. मधलं काही चालत नाही. माशी घराची जागा पाठ करते. पेटी अंगणाच्या दुसऱ्या टोकाला नेली तर ती संध्याकाळी जुन्या जागी परत येते, रिकाम्या विटांवर बसून राहते आणि मरते. दोन कोस म्हणजे वडनेर.

दुसऱ्या दिवशी चाचा आणि उकंडराव सकाळी घराच्या सपाट मातीच्या छपरावर, धाब्यावर, चढून बसले. चाचांनी पुठ्ठ्याच्या एका तुकड्यावर अंगण काढलं, चूल काढली, कपड्यांची दोरी काढली, गल्ली काढली. कोण कुठून, कोणत्या वेळी जातं, त्याच्या रेघा मारत गेले. धाब्यावर पेट्या ठेवता येत नव्हत्या. उन्हाळ्यात मेण वितळून गेलं असतं, आणि तिथं चाचींच्या मिरच्या वाळत. उत्तरेच्या बाजूला टांग्यांचा थांबा. घोड्याच्या घामाचा वास माशीला सहन होत नाही. दक्षिणेला न्हाणी. राहिला एकच कोपरा, पूर्वेचा. भिंतीपासून चोवीस हात. ऊन जास्त, वारा जास्त. पेट्यांचं तोंडही पूर्वेकडे ठेवता येणार नाही. जागा वाईटच होती, पण कौशल्याबाईंपासून सगळ्यात दूर.

"तिथंच," चाचा म्हणाले. "रोज एक हात."

त्या दिवसापासून दिवेलागणीला, सगळ्या माशा घरात आल्या की, दोघं पेटी दोन्ही बाजूंनी उचलत आणि एक हात पुढे ठेवत. मग दुसरी. एक हात मोजायला चाचा खरोखरच कोपरापासून बोटांपर्यंत हात जमिनीवर टेकवत. उकंडरावला तो कार्तिक तसाच आठवतो. अर्जांना उत्तरं येत नव्हती आणि त्याला त्याचं फारसं वाटत नव्हतं. दिवसभर वाचायचं आणि संध्याकाळी दोन पेट्या एक हात पुढे न्यायच्या. तेवढ्याने दिवस भरून जायचा.

तिसऱ्या दिवशी चाचा कौशल्याबाईंच्या दारात गेले.

"तुळशीरामभाऊंची पेटी कुठं हाये?"

"माळ्यावर."

"द्या इकडं."

"भाता उंदरानं खाल्ला. अर्धे सूर मुके झाले. काय करता?"

"मी पेटी म्हटलं होतं. एक पेटी द्याची राह्यली."

"तुम्ही जिल्दसाज. तुमाले पेटीतलं काय कळते?"

"भाता म्हणजे काय, वहिनी? पुठ्ठा, कापड अन् कातडं. माह्या घरी दुसरं काय हाये?"

कौशल्याबाईंनी पेटी दिली. का दिली, हे त्यांनाही तेव्हा सांगता आलं नसतं. देताना म्हणाल्या, "याचा अर्थ माशा राहू देल्या, असा नाही."

"नाही. माशा चालूनच राह्यल्या."

आणि त्या चालतच होत्या. आठव्या दिवशी पेट्या कपड्यांच्या दोरीखाली आल्या आणि चाचींचा धीर सुटला.

"आज कपडे कुठं वाळवू मी? उद्या चुलीवर ठेवसान. परवा माह्या उशाशी."

"परवा नाही येत तिथं. हिशेबानं सोळा दिवस लागतीन," चाचा म्हणाले. चाचींनी ओला टॉवेल त्यांच्या अंगावर टाकला. त्या दिवसापासून दोरी गल्लीकडे गेली.

अकराव्या संध्याकाळी पेटी उचलून धरलेली असताना भिंतीपलीकडून आवाज आला.

"किती हात झाले?"

"हा अकरावा, वहिनी. अजून तेरा."

"खाली ठेवा."

त्यांनी पेटी खाली ठेवली. कौशल्याबाई भिंतीवर दोन्ही हात ठेवून उभ्या होत्या.

"पयले चार दिवस माह्या डोक्यात राग होता," त्या म्हणाल्या. "पाचव्या दिवशी दुपारी भिंतीशी आडवी झाली होती. तुमच्या माशा सूर धरून होत्या. काळी एक."

उकंडरावला कळलं नाही. चाचांना कळलं. गाणारे आपला सूर पेटीच्या पट्टीवरून सांगतात, आणि तुळशीरामांचा सूर म्हणजे पहिली काळी पट्टी. भजनाला बसताना ते आधी तेवढी एकच पट्टी दाबून धरत आणि डोळे मिटून घेत.

"मले वाटलं, मनाचे खेळ. मंग रोज आयकलं. दुपारी ऊन चढलं की धरतात, उतरलं की सोडतात. अन् तुम्ही रोज एक एक हात दूर नेऊन राह्यले. आज नाही आयकू आलं."

"तुम्हीच म्हटलं उचला."

"हाव, म्हटलं. आता म्हणतो, आणा."

चाचींनी स्वयंपाकघरातून डोकं बाहेर काढलं. "म्हणजे अजून अकरा दिवस?"

"अकरा," चाचा म्हणाले. ते हसत होते की काय, हे त्या उजेडात नीट दिसलं नाही.

"पण माह्या दोन अटी हायेत," कौशल्याबाई म्हणाल्या. "माशी माह्या डोक्यावरून नको. अन् माह्या रांजणावर नको. पानी प्याले गेली की दहा जणी बसल्या असतात काठावर."

"त्या माह्याच कशावरून? निंबावर मोहोळं लय असतात."

"माशीले नाव लिहिलं असते काय? तुम्ही पाहा तुमचं."

चाचांनी पाहिलं. पेट्या परत भिंतीशी पोचल्या, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी चाचींकडून मूठभर गव्हाचं पीठ मागून घेतलं आणि बाहेर निघणाऱ्या माशांवर चिमटीने भुरभुरवलं. मग उकंडराव कौशल्याबाईंच्या रांजणाशी बसला. घटकाभरात पहिली पांढरी माशी आली. मग दुसरी. अगदी पिठाच्या गिरणीतून निघाल्यासारख्या त्या काठावर बसून पाणी पिऊ लागल्या.

"या घ्या तुमच्या," कौशल्याबाई म्हणाल्या. "आता नाव दिसते."

मग चाचांनी पेट्यांपासून चार हातांवर परात ठेवली. परातीत खडे, खड्यांवर ओलं गोणपाट. माशा ढुंकून बघेनात. कडेला चिमूटभर मीठ टाकलं, रांजणाला दोन दिवस ओलं फडकं गुंडाळून ठेवलं, तेव्हा कुठे त्या वळल्या. डोक्यावरून जाऊ नयेत म्हणून पेट्यांच्या पुढ्यात पऱ्हाट्यांचा, कापसाच्या वाळक्या काड्यांचा, कूड उभा केला, पुरुषभर उंच. कापूस वेचून झालेला होता, पऱ्हाट्या हव्या तेवढ्या. माशी दारातून निघायची, समोर कूड लागायचा, ती सरळ वर चढायची आणि माणसांच्या डोक्यांपेक्षा पुष्कळ वरून शेतांकडे निघून जायची. कौशल्याबाईंनी भिंतीपलीकडून दोन दिवस नजर ठेवली. तिसऱ्या दिवशी त्या नारळ घेऊन आल्या. तोच, आधीचा. चाचींनी तो देवळीत जपून ठेवून परत पाठवला होता. यावेळी बायांना बोलावलं नव्हतं. नारळ फोडला, पाणी सगळ्यांना दिलं, आणि पेटीला हात न लावता गेल्या.

तो हिवाळा उकंडरावने पुढे पुष्कळदा आठवून पाहिला. त्यात तसं काहीच घडलं नव्हतं. दिवसा चाचा रजिस्टरं बांधत. संध्याकाळी कामाच्या खोलीच्या उंबऱ्यात तुळशीरामांची पेटी उघडी ठेवून बसत. भात्याच्या घड्या त्यांनी नवीन पुठ्ठ्याच्या केल्या, वर कातडं चढवलं, कडा आपल्याच माशांच्या मेणाने बंद केल्या. सूर देणाऱ्या पितळी पत्त्यांवरचा मळ एकेक करून काढला. पण सूर लावणार कोण? चाचांना सूर कळत नव्हता, ठेका कळत होता. उकंडरावला तर दोन्ही नाही.

सूर कौशल्याबाईंनी लावले. त्या भिंतीपलीकडे आपल्या ओसरीत बसत. इकडून चाचा एक पट्टी दाबून धरत. पलीकडून आवाज येई.

"उतरला."

चाचा कानशीने पत्तीचं टोक किंचित घासत. पुन्हा दाबत.

"अजून उतरला. अजून. आता चढवला तुम्ही."

जास्त चढला की चाचा पत्तीच्या टोकावर मेणाचा बारीक ठिपका देत. पत्ती जड होई, सूर खाली येई. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. दोऱ्यावरून त्यांना मेणाचं वजन ठाऊक होतं.

"इतके वर्सं तुम्ही शेजारी राह्यल्या," एकदा ते म्हणाले, "तुमाले इतकं कळते, हे मले ठाऊक नव्हतं."

"तुमच्या भावालेबी नव्हतं," त्या म्हणाल्या. "तीस वर्सं आयकली. हात नाही लावला. पेटी बाईमाणसाच्या हाती गेली तं सूर उतरते म्हणत."

चाचांनी पुढची पत्ती हातात घेतली. "मंग तुमच्या हातानं उतरते काय, ते पाहू. होऊ द्या तयार."

फाल्गुन संपता संपता निंबाला मोहर आला आणि माशा दिवसभर घुमू लागल्या. पेटीचे सगळे सूर लागले होते. एक राहिला होता. काळी एकची पत्ती तडकलेली निघाली, तिच्यासाठी खामगावहून नवी मागवावी लागली. ती आली बुधवारी. दुसऱ्या दिवशी गुरुवार. कौशल्याबाईंनी ओसरी सारवून ठेवली होती. भजनी मंडळ नव्हतं, निरोप नव्हते. फक्त त्या वाजवणार होत्या आणि दोन्ही घरची माणसं ऐकणार होती.

बुधवारी संध्याकाळी चाचांनी पत्ती बसवली. पट्टी दाबली.

"चढला," पलीकडून आवाज आला.

मेणाचा ठिपका.

"अजून चढला."

अजून एक. तोवर चाचींनी दिवा आणून ठेवला.

"आता?"

कौशल्याबाईंनी पट्टी पुन्हा दाबायला लावली. "आता केसभर चढा हाये. फक्त केसभर. एक ठिपका द्या, की झालं."

चाचांनी हातातली मेणाची गोळी खिडकीच्या फळीवर ठेवली.

"केसभर सकाळी, वहिनी."

"घ्या. आता इतकंच तं राह्यलं."

"दिवा लागला ना. सकाळी पाहू."

उकंडराव घरी गेला. जाताना चाचा त्याला म्हणाले होते, उद्या लवकर या, उकंडराव. तो काही फार लवकर आला नाही. नऊच्या सुमारास आला. हातात एक पुस्तक होतं, पाठ सुटलेलं. गल्लीत माणसं उभी होती. कुणीतरी त्याला सांगितलं. चाचा फजरची नमाज पढून आले, ओट्यावर बसले, चाचींना चहा टाक म्हणाले. चाची बशी घेऊन आल्या तेव्हा ते भिंतीला टेकलेले होते.

उकंडरावने पुस्तक ओट्यावर ठेवलं. मग उचललं. परत ठेवलं. तो आत अंगणात गेला. परातीतलं गोणपाट कोरडं पडलं होतं. त्याने घागरीने पाणी ओतलं, हळूहळू, खडे झाकले जाणार नाहीत एवढंच. माशा येऊन बसल्या. तो तिथेच उभा राहिला, कुणी हाक मारेपर्यंत.

चाचांचा चाळिसावा दिवस झाल्यावर चाची म्हणाल्या, पेट्या वडनेरला पाठवून देऊ. कौशल्याबाईंनी भिंतीवरून सांगितलं, नाही. पेट्या राहिल्या. परातीत पाणी आता दोघींपैकी जिचं लक्ष जाईल ती टाकते. मेण उकंडराव काढतो. त्याला अजून नीट जमत नाही.

तुळशीरामांची पेटी कौशल्याबाईंच्या ओसरीत परत गेली. त्या गुरुवारी वाजवतात, आधी दार लोटून वाजवत, आता उघडं ठेवून. उकंडरावने एकदा विचारलं, अकोल्याहून पेटीवाला बोलावू का. एका ठिपक्याचं काम आहे.

"नको," त्या म्हणाल्या. "ते रसूलभाऊचं काम हाये."

मेणाची गोळी खिडकीच्या फळीवर आहे तिथंच आहे. वर अंगठ्याचा दाब उमटलेला. फळी झाडताना चाची ती उचलतात आणि परत त्याच जागी ठेवतात. गुरुवारी भजन सुरू करताना कौशल्याबाई आधी काळी एक, तेवढी एकच पट्टी दाबून धरतात. ती अजून केसभर चढी आहे.